काकांचा गुलमोहर, आमचं छप्पर

पत्र साताऱ्याहून आलंय. बरंच लांब होतं, थोडक्यात देते.

"आमच्या आणि शेजारच्या काकांच्या बंगल्यात कंपाउंडची एकच भिंत आहे. भिंतीपलीकडे जेमतेम चार फुटांवर त्यांचा गुलमोहर. प्लॉट घेतला तेव्हा, चाळीसेक वर्षांपूर्वी, त्यांनीच लावलेला. आता त्याचा निम्मा पसारा आमच्या छपरावर आहे आणि झाड आमच्याच बाजूला झुकलंय. गेल्या वर्षी वळवात एक फांदी मोडून स्वयंपाकघराचे पत्रे फुटले. काका म्हणाले, 'फांदी पडली, झाड कुठे पडलंय?' दिवाळीनंतर त्यांनी अंगणात पेव्हर ब्लॉक बसवले आणि ड्रेनेजच्या पाइपसाठी बुंध्याजवळून चर खणला. आता बुंध्याशी तपकिरी, ताटलीसारखं काहीतरी उगवलंय. सासूबाईंची खोली बरोबर झाडाच्या खाली येते. मिस्टर म्हणतात, पोलिसांत जा. भाऊ म्हणतो, मुळात हिंग भर, वर्षभरात वाळेल, कुणाला कळणारही नाही. काकांकडचा फराळ दर दिवाळीला सगळ्यात आधी आमच्याकडे येतो, हे संबंध मला तोडायचे नाहीत. त्यात आमचा सातारा एक मेला गुलमोहर दिन साजरा करणारा! झाड तोडा म्हणणारी मीच वाईट ठरायची. काय करू?"

ताई,

पहिलं काम आजच्या आज करा. सासूबाईंचा पलंग त्या खोलीतून हलवा. पुढे मी जे सांगणार आहे त्यात अर्ज आहे, पोच आहे, स्थळपाहणी आहे. त्याला आठवडे जातात, कधी महिने. वळीव तेवढा थांबत नाही. 'मला काही होत नाही' असं सासूबाई म्हणतीलच, तर खोलीला रंग काढायचाय म्हणून सांगा. गॅसचं सिलिंडर त्या बाजूला असेल तर तेही हलवा, गाडी दुसरीकडे लावा. आणि वारा सुटला की वाळत घातलेले कपडे गोळा करायला मागच्या दारी धावू नका. भिजू देत.

आता तुमच्या भावाचं हिंग. हिंगाने झाड मरतं हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या कानोकानी चालत आलंय. हिंगाने भागलं नाही की मग ॲसिड येतं, डिझेल येतं, बुंध्याला ड्रिलने भोकं पाडणं येतं, रात्रीतून साल सोलणं येतं. यातलं काहीही करू नका आणि भावाला करू देऊ नका. नीतीची गोष्ट घटकाभर बाजूला ठेवते. शहरांना लागू असलेल्या १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांविषयीच्या कायद्यात 'झाड तोडणे' याची व्याख्याच मुळी अशी आहे की जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे झाडाला इजा करणं, हे सगळं तोडण्यातच जमा. त्याला दंड आहे, तुरुंगवासही आहे. पण त्याहून मोठी अडचण व्यवहाराची. मेलेला गुलमोहर जिवंत गुलमोहरापेक्षा जास्त धोक्याचा. मुळं मेली की मातीवरची पकड सुटते, लाकूड लवकरच भुसभुशीत होतं, आणि मग वारा नसतानाही फांद्या गळायला लागतात. अशा वाळक्या झाडावर चढायला अनुभवी माणूस तयार होत नाही. मग क्रेन आणा म्हणतात, आणि दोन बंगल्यांच्या मधल्या बोळात क्रेन यायची कुठून? झुकलेलं पण जिवंत झाड दोरांनी बांधून तुकड्या-तुकड्यांनी उतरवता येतं. कुणाला कळणार नाही, हेही खोटं. चाळीस वर्षं रोज सकाळी त्या झाडाला पाहणारा माणूस आहे तो.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. झाड खरंच पडण्याजोगं आहे का, ही एक. काका ऐकत नाहीत, ही दुसरी. तुम्ही दुसरीशी झगडताय आणि पहिलीकडे अजून एकाही जाणकाराने पाहिलेलं नाही. 'मला भीती वाटते' आणि 'मला नाही वाटत' ही कुस्ती कधीच निकाली होत नाही. म्हणून आधी झाडाकडे बघू.

झुकलंय, एवढ्याने मी फारशी घाबरत नाही. इमारतीच्या कडेला लावलेली झाडं उजेडाच्या दिशेने कलत वाढतात. वर्षानुवर्षं तिरकं उभं असलेलं झाड त्या तिरकेपणाला धरूनच मुळं आणि लाकूड घडवत जातं. त्याचा शेंडा पुन्हा सरळ वर वळलेला दिसतो. भीती असते नव्या झुकावाची. काकांच्या बाजूची, म्हणजे झाड जिकडे झुकलंय त्याच्या उलट बाजूची, जमीन उचललीये का? तिथल्या पेव्हरच्या सांध्यांत कमानीसारखी भेग पडलीये का? कंपाउंडची भिंत बुंध्यासमोर फुगलीये का? यातलं काही नव्याने दिसलं, तर हे पत्र पुढे वाचू नका. त्या बाजूच्या खोल्या रिकाम्या करा, काकांना हाक मारा आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन लावा.

फांदी मोडली, हेही गुलमोहराच्या स्वभावातच आहे. हे झाड मूळचं मादागास्करचं, आपल्याकडे शोभेसाठी आलं आणि रुळलं. लाकूड मऊ आणि ठिसूळ. फांद्या आडव्या, लांबच लांब, सगळं वजन टोकाला. मुळं खोल जाण्यापेक्षा वरच्या थरात दूरवर पसरणारी. वाऱ्यात उघडी छत्री धरावी तसा प्रकार: पसारा केवढा तरी, आणि सगळा भार मुठीवर. पानगळीत तो हलका असतो. एप्रिल-मेमध्ये फुलांनी आणि नव्या पानांनी भरतो आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. जूनमध्ये वर पानांचा पूर्ण भार आणि खाली भिजून मऊ झालेली माती. दरवर्षी पहिल्या पावसात गुलमोहर, पीतमोहर, वर्षावृक्ष आडवे झाल्याच्या बातम्या येतात त्या यामुळेच. चाळिशीतला गुलमोहर म्हणजे उतारवयातलं झाड. वडाचं, चिंचेचं आयुष्य त्याला मिळालेलं नाही.

खरी काळजी मला त्या चराची आणि त्या ताटल्यांची वाटते. झाडाला उभं धरणारी जाड मुळं बुंध्याच्या अगदी जवळ असतात. बुंध्यालगत चर खणला म्हणजे त्या बाजूची काही मुळं तुटलीच असणार. चर काकांच्या अंगणात, झाड झुकलंय तुमच्याकडे. म्हणजे तुटली ती झाडाला मागे ओढून धरणारी मुळं. वरून पेव्हरने पाणी आणि हवा दोन्ही कमी झाली. याचा परिणाम लगेच दिसत नाही. मुळं तुटलेलं झाड पुढचा एखाद-दुसरा हंगाम हिरवंगार राहतं, फुलतंसुद्धा. 'बघा, कसं बहरलंय' असं काका म्हणतील तेव्हा ते खोटं बोलत नसतील. फक्त बहर वर असतो आणि प्रश्न जमिनीखाली.

ती ताटली वरून तपकिरी, लाकडासारखी टणक, वार्निश मारल्यासारखी चकाकणारी आणि कडेला पांढरट-पिवळट असेल, तर ती बहुधा गॅनोडर्मा नावाची बुरशी. गुलमोहराची मुळं आणि बुंध्याचा खालचा भाग ती सडवते. आपल्याला दिसतं ते तिचं नुसतं फळ. आत ती कधीचीच पसरलेली असते. खरवडून काढली, वर चुना-मोरचूद फासलं, तरी आतलं सडणं थांबत नाही. फोटो काढायच्या आधी तर हातच लावू नका, तुमचा सगळ्यात बोलका पुरावा तो आहे.

एका सकाळी चांगल्या उजेडात मोबाइल घेऊन उभ्या राहा. सगळं झाड दोन बाजूंनी, बुंधा, बुरशी, चर, फुटलेले पत्रे (जुने फोटो असतील तर तेही शोधून ठेवा) आणि जिथे दोन जाड फांद्या चिंचोळ्या बेचक्यात मिळतात ती जागा. तिथे उभी भेग असेल तर जवळून फोटो घ्या. एक फोटो नेहमी एकाच जागेवरून, खिडकीची चौकट कडेला धरून काढत जा. झुकाव वाढतोय का ते महिन्याभराने त्यावरूनच कळतं. बुंध्यावर वाळवीची माती दिसली तर एकदम धसका घेऊ नका, ती बहुतेक वेळा मेलेलं लाकूडच खात असते. वाळक्या फांदीवर गोल, नीट कोरलेलं भोक दिसलं, तर ते तांबट पक्ष्याचं घर. दुपारभर 'टुक टुक' करत बसतो तो. त्याची चोच टणक लाकडात चालत नाही, तो मऊ झालेली, मेलेली फांदीच निवडतो. त्या फांदीबद्दल त्याचं मत ग्राह्य धरायला हरकत नाही.

झाड दाखवायचं कुणाला? लाकूड नेणाऱ्या ठेकेदाराला नाही. त्याला प्रत्येक झाड पाडण्याजोगंच दिसतं, त्याचं पोटच त्यावर आहे. नगरपरिषदेचा वृक्ष अधिकारी हा अधिकृत माणूस, त्याच्याकडे पुढे येतेच. पण त्याआधी एक खासगी डोळा मिळाला तर उत्तम: गावातल्या कॉलेजचे वनस्पतीशास्त्राचे प्राध्यापक, पुण्याहून बोलावता आला तर झाडांची तपासणी करणारा तज्ज्ञ. आणि तुमच्या साताऱ्यात तर सोयच आहे. गुलमोहर दिनाला राबणाऱ्या मंडळींपैकी एखाद्या ज्येष्ठाला घरी चहाला बोलवा आणि झाड दाखवा. तुम्ही म्हणालात 'धोका आहे' तर काकांना ती शेजारणीची कुरकुर वाटते. गुलमोहरावर जीव टाकणाऱ्या माणसाने बुंध्याशी वाकून मान हलवली तर काका ऐकतील. तुम्ही वाईट ठराल का, या प्रश्नाचं माझं उत्तरही हेच आहे. झाडांची काळजी घेणारी माणसं झाड कधी उतरवायचं हेही सांगतात. त्यांच्याकडे जायला लाजू नका.

तपासणीत 'तोडा' असंच निघेल असं धरून चालू नका. बऱ्याचदा टोकाचा भार हलका करणं, वाळकं काढणं आणि पुन्हा दरवर्षी बघणं एवढ्यावर निभावतं. पण छाटणी कशी, हे महत्त्वाचं आहे, कारण आपल्याकडे ती भयंकर होते. दोन प्रकार टाळा. पहिला, तुमच्या हद्दीवर आलेल्या तेवढ्याच सगळ्या फांद्या भिंतीच्या रेषेत सपासप उडवणं. तुमचं छप्पर मोकळं होईल, पण झाडाचा तोल एकाएकी बदलेल, आणि मुळं आधीच तुटलेल्या झाडाला तो धक्का कुठल्या बाजूला लोळवेल, सांगता यायचं नाही. काकांच्या घरातही माणसंच राहतात. दुसरा प्रकार शेंडा उडवून झाडाचा खांब करणं. त्या खांबाला वर्षभरात झुडपासारखे फुटवे येतात. ते फक्त सालीला धरून असतात, जाड झाले की तेच मोडून पडतात. नीट छाटणी म्हणजे लांब फांद्या टोकाकडून कमी करत आणणं, आणि कापायचं तिथे फांदी जिथून निघते त्या फुगीर कड्याच्या जरा बाहेर. जड फांदी एका घावात तोडली तर ती साल ओढत खाली येते. आधी खालून अर्धवट काप, मग वरून. हे काम करणाऱ्याला या गोष्टी विचारून बघा. त्याला माहीत नसतील तर तो तुमचा माणूस नव्हे.

बुरशी आणि तुटलेली मुळं ही दोन्ही एकत्र आहेत म्हणून माझा कल, ताई, झाड उतरवण्याकडेच आहे. पण मी ते पाहिलेलं नाही, तुमच्या पत्रावरून बोलतेय. पाहणाऱ्याचं ऐका.

आता काका. मिस्टरांना घेऊन, कायद्याची कलमं पाठ करून जाऊ नका. एकट्या जा, संध्याकाळी, ते अंगणात पाणी मारत असतील तेव्हा. 'झाड तोडा' हा शब्दच काढू नका. 'काका, बुंध्याशी हे काय आलंय, तुम्ही पाहिलंत का?' म्हणून फोटो दाखवा. त्यांनी ते पाहिलेलं नसणंही शक्य आहे, बुरशी तुमच्या भिंतीच्या बाजूला असेल तर. मग म्हणा, 'चर खणल्यापासून मला जरा शंका येतेय. एकदा कुणाला तरी दाखवून घेऊ. तो म्हणाला ठणठणीत आहे, तर मी पुन्हा विषय काढणार नाही.' हे शेवटचं वाक्य मनापासून म्हणा आणि पाळा. त्याने काकांची निम्मी ढाल खाली येते.

उरलेली निम्मी ढाल कशाची असते, ते ओळखा. झाडावरची माया असतेच, पण ती पुढे करून माणसं बऱ्याचदा खर्च आणि नगरपालिकेच्या खेपा टाळत असतात. निवृत्त माणसाला हे कबूल करायला जड जातं. त्यात २०२१ च्या दुरुस्तीने तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची तरतूद कायद्यात आली. चाळीस वर्षांच्या गुलमोहरापायी चाळीस रोपं लावायची आणि जगवायची, हे काकांनी कुठे ऐकलं असेल तर ते बिचकणारच. धोकादायक झाडाच्या बाबतीत नेमकं काय करावं लागेल ते नगरपरिषदेत आधी विचारून घ्या आणि मगच काकांशी बोला. 'अर्ज मी लिहिते, खेपा आमचे हे घालतील, खर्चही वाटून घेऊ' असं म्हणायची तयारी ठेवा. झाड त्यांचं आहे, खर्च कायद्याने आणि रीतीने त्यांचाच. तरी पत्रे पुन्हा घालण्यापेक्षा यात वाटा उचलणं स्वस्त पडतं. तुमच्या मिस्टरांना हे पटणार नाही. त्यांना हिशोब मांडून दाखवा.

दोनदा बोलूनही काका हलले नाहीत, तर लिहून द्या. हे ऐकायला कठोर वाटतं, पण कागदाचा उपयोग फार आहे. वादळात झाड पडलं की मालक म्हणतो, निसर्गापुढे कुणाचं चालतं? आणि झाड धोकादायक असल्याचं त्याला ठाऊकच नव्हतं, तर त्या म्हणण्यात तथ्य असतं. पण फोटोंसह लेखी कळवूनही त्याने काही केलं नाही, तर तो निष्काळजीपणा ठरतो आणि नुकसानभरपाई मागायला जागा राहते. पत्र भांडणाच्या भाषेत नको. चार ओळी, तारीख, फोटो. हातात द्या, आणि तुमच्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून सही मागा; सही नाकारली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने, पोच घेऊन. देताना तोंडी सांगा, 'काका, उद्या नगरपालिकेत विचारतील म्हणून नुसतं कागदावर आणतेय.'

त्याच आठवड्यात नगरपरिषदेत अर्ज. झाडमालकाने अर्ज केला तर छाटणीची किंवा तोडण्याची परवानगी मागता येते. तुम्ही मालक नाही, तुम्ही तक्रार करून पाहणी मागू शकता. मजकूर साधारण असा:

"प्रति, मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, सातारा. विषय: घराशेजारील धोकादायक झाडाची स्थळपाहणी होणेबाबत. महोदय, आमच्या घरालगतच्या मिळकतीत, कंपाउंड भिंतीपासून सुमारे चार फुटांवर गुलमोहराचे एक झाड आहे. त्याचा बुंधा आमच्या घराकडे झुकलेला आहे. बुंध्याशी बुरशी उगवलेली असून जवळून चर खणल्याने मुळे तुटली असण्याची शक्यता आहे. गतवर्षी फांदी पडून आमच्या छपराचे नुकसान झाले. घरात वृद्ध व्यक्ती राहते. तरी वृक्ष अधिकाऱ्यांमार्फत तातडीने पाहणी करून सदर झाड धोकादायक आहे किंवा कसे याचा लेखी अहवाल मिळावा व आवश्यक ती छाटणी अथवा तोड करण्याबाबत झाडमालकास कळवावे, ही विनंती. सोबत फोटो जोडले आहेत."

दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. तोडण्याची परवानगी देण्याआधी झाडावर नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवण्याची पद्धत आहे, त्यात वेळ जातो. म्हणून अर्जात 'तातडीने' आणि 'वृद्ध व्यक्ती' हे शब्द हवेतच. झाडाचं वय विचारतील तेव्हा अंदाजपंचे वाढवून सांगू नका. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड कायद्याने वारसा वृक्ष ठरतं आणि मग प्रक्रिया आणखी लांबते. काकांकडे प्लॉटची कागदपत्रं असतील, त्यावरून अंदाज बांधता येईल.

पोलिसांत जाऊन फारसं काही होणार नाही. अदखलपात्र नोंद होईल आणि फराळ बंद होईल. नगरपरिषदेकडूनही काही हललं नाही, तर पोलिसांपेक्षा नेमकं दार आहे: प्रांताधिकारी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ मध्ये (आधीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच १३३ होतं) झाडाचा थेट उल्लेख आहे. झाड पडून शेजारी राहणाऱ्यांना किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांना इजा होईल अशा अवस्थेत असेल, तर ते काढून टाकण्याचा किंवा त्याला आधार देण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे इथे प्रांताधिकारी, मालकाला देऊ शकतो. मात्र हे कलम सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. दोघांचं खासगी भांडण आहे असं दिसलं तर दिवाणी न्यायालयात जा म्हणतात. म्हणून झाडाचा पसारा गल्लीवर किंवा शाळेत जाणाऱ्या मुलांच्या वाटेवर येत असेल तर ते अर्जात लिहा, फोटोत दाखवा. दिवाणी दावा हा शेवटचा उपाय. तो लागेपर्यंत बरेच पावसाळे जातील.

'आमच्या हद्दीवरच्या फांद्या आम्ही तोडू, कोण अडवतो' असं मिस्टर म्हणत असतील. शेजाऱ्याच्या झाडाला आपल्या आभाळात फांद्या पसरण्याचा हक्क नसतो, हे खरं. पण शहरात झाडांचा कायदा त्याच्या आड येतो, मघाच्या व्याख्येत फांदीही बसते. छाटणीचीही परवानगी काढा. फांद्यांतून विजेची तार जात असेल तर काम सुरू होण्याआधी महावितरणला १९१२ वर कळवून पुरवठा बंद करून घ्या. ओल्या फांदीतून वीज वाहते, आणि झाडावर चढलेल्या माणसाच्या हातात तेव्हा लोखंडी कोयता असतो. कामाच्या आधी घरट्यांचंही बघा. तांबटाच्या भोकात पिल्लं असतील आणि आठवडाभर थांबणं परवडत असेल तर थांबा.

घराचा विमा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकाच धाटणीची घरविम्याची पॉलिसी सगळीकडे मिळते. वादळाचं आणि घरावर झाड पडून झालेलं नुकसान तीत धरलेलं आहे. काढून ठेवा. गाडीचा विमा नुसता थर्ड पार्टी असेल तर झाड पडल्यावर दमडी मिळत नाही, तेही तपासा.

झाड गेलंच, तर काकांच्या अंगणात मोकळी जागा राहील आणि ती त्यांना खुपेल. तिथे ताम्हण किंवा बहावा लावता येईल. दोन्ही आपल्या मातीतली, आटोपशीर वाढणारी, उन्हाळ्यात फुलणारी झाडं. भिंतीपासून आणि पाइपपासून चांगलं दहा-बारा फूट दूर, आणि बुंध्याभोवती निदान एक मीटर माती उघडी. रोप तुम्ही आणून द्या.

पाहणीचा अहवाल हातात आला की मला पुन्हा लिहा. त्यात 'छाटणी करावी' एवढंच लिहिलेलं असेल तर घेऊन येऊ नका. कुठल्या फांद्या, किती लांबीपर्यंत आणि कोणत्या तारखेच्या आत, हे तिथल्या तिथे लिहून मागा.